एकदाच विचारायचं

माझा स्वभाव काळजीचा. घरातून निघाले की गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत चढते, आणि बंद असलेला गॅस डोळ्यांनी बघूनही माझं समाधान होत नाही. नवरा म्हणतो, तू संख्याशास्त्र शिकवतेस ते बरं आहे, निदान काळजी टक्क्यांत तरी करतेस. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. सर्वेक्षणाचा धडा आला की मुलांकडून एक गोष्ट दरवर्षी घोकून घेते: विचारणाऱ्याला जे उत्तर हवं असतं, ते त्याच्या आवाजात आधीच येऊन बसलेलं असतं. म्हणून आपल्याला काय हवंय हे आधी ओळखा आणि मग त्याला वर्गाबाहेर उभं करा. फळ्यापाशी उभं राहून हे बोलायला सोपं आहे.

नवऱ्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात झालं, तेव्हा मी तिथल्या व्हरांड्यात बसून असायची. करकंब, जेऊर, अक्कलकोटकडची माणसं पेशंटच्या सोबतीला आलेली असायची. पेशंटला दवाखान्यातून ताट मिळायचं, सोबतच्या माणसाला नाही. माझा डबा नणंदेकडून यायचा. तो उघडला की भाजीचा वास पसरायचा आणि आजूबाजूची माणसं एकदम खिडकीबाहेर बघायला लागायची. माझ्या डब्याकडे कुणीही बघायचं नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. डिस्चार्जच्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, सोबतच्या लोकांना दुपारचं जेवण द्या की हो. हे डॉक्टर ट्रस्टचे अध्यक्षही होते. ते हसून "बघू" म्हणाले. आपल्याकडे "बघू" म्हणजे विषय संपला, असं समजून मी घरी आले.

पण विषय संपला नव्हता. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. एक कुटुंब वडिलांच्या स्मरणार्थ धान्याचा खर्च उचलायला तयार होतं. दवाखान्याच्या मागच्या बाजूची एक खोली रिकामी होती. पण ट्रस्टचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ती खोली औषधाच्या दुकानाला भाड्याने द्यायच्या मताचे होते. त्यांचंही काही चूक नव्हतं. कुरकुरणारा जनरेटर त्या भाड्यातून बदलता आला असता. शेवटी तोडही त्यांनीच सुचवली होती: लोकांना जेवण हवंय का, हे लोकांनाच विचारा. हवं असेल तर स्वयंपाकघर, नको असेल तर दुकान. "आणि मॅडम," डॉक्टर म्हणाले, "सुचवलं तुम्ही, तर सर्व्हेही आता तुम्हीच करा." विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

फोन ठेवल्यापासून मला एकच घोर लागला. मला "हो" हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, आणि ज्याला ठरावीक उत्तर हवं असतं त्याने प्रश्न काढू नये, हे मीच शिकवत आले होते. त्यामुळे मी स्वतःला चांगलं बांधून घातलं. प्रश्न इतका सपाट केला की त्यात माझा श्वाससुद्धा ऐकू येऊ नये: "सोबतच्या माणसांसाठी दुपारचं जेवण इथे मोफत मिळू लागलं, तर तुम्ही इथे जेवाल का?" हो, नाही, सांगता येत नाही. कुणाला विचारायचं हे आपल्या मर्जीवर नको, म्हणून खाटांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढल्या. कॉलेजच्या मुली मोबाईलवर उत्तरं भरून घेणार होत्या. त्यांच्याकडून आधी तालीम करून घेतली. हसून विचारायचं नाही, पण कपाळाला आठ्याही नकोत. "घ्या हो", "सांगा हो" असलं काही करायचं नाही.

"मॅडम, नुसतंच 'नको' म्हणाले तर?" एकीने विचारलं.

"तर 'नाही'वर खूण करायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. एकदाच विचारायचं."

हे बोलताना मला आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारपासून माझ्या मोबाईलवर उत्तरं दिसायला लागली. नाही. नाही. नाही. मध्येच एखादं "सांगता येत नाही", आणि पुन्हा नाही. मला वाटलं, फॉर्म बनवताना हो आणि नाहीची अदलाबदल झाली. तपासलं, तर तसं काही नव्हतं. मुलींना फोन लावला.

"काय म्हणतात लोक?"

"म्हणतात, आमचं जेवण झालंय."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं, मॅडम."

त्या मुलींमध्ये एक तेलुगू बोलणाऱ्या घरातली होती. तिने विणकर कुटुंबांतल्या बायकांना त्यांच्या भाषेत विचारलं होतं. "तेलुगूतही झालंयच म्हणतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. मोबाईलवरचा उत्तरांचा गोल आलेख 'नाही'च्या रंगाने जवळजवळ अख्खा लाल झाला होता, आणि त्यातली 'हो'ची हिरवी फोड इतकी बारीक की चष्मा पुसून बघावी लागायची. एक शक्यता अशी होती की लोक मोफत म्हटल्यावर बिचकले असतील, नंतर बिलात लावतील या भीतीने नाही म्हणाले असतील. दुसरी शक्यता जास्त वाईट होती. कदाचित ती माणसं खरंच जेवलेली असतील. कदाचित माझ्या भरलेल्या डब्याची मलाच लाज वाटली आणि मी ती लाज समोरच्यांच्या पोटात भूक म्हणून घातली. या विचाराने मला वर्गात शिकवताना मध्येच शब्द सुचेनासे झाले. बैठक शनिवारी होती. त्या रिकाम्या खोलीचं शटर मोजायला औषधाच्या दुकानाचा माणूस टेप घेऊन येऊन गेला, हेही मुलींनीच सांगितलं.

शेवटी मला राहवेना. तास संपवून मी डबा घेतला आणि दवाखान्यात जाऊन व्हरांड्यात बसले. फॉर्म उघडला नाही, कुणाला काही विचारलं नाही. ऊन असं होतं की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. शेजारी करकंबच्या एक बाई बसल्या होत्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांच्या मुलीचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती आतल्या वॉर्डात होती. चिठ्ठीत त्यांचीही खाट निघालेली होती, आणि त्यांचंही उत्तर "नाही" होतं. मी डबा उघडला आणि एक पोळी त्यांच्यापुढे केली.

"नको ताई, झालंय माजं. त्या आजोबास्नी द्या. सकाळधरनं काय खाल्लं न्हाय त्यांनी."

खांबापाशी जेऊरकडचे एक म्हातारे बसले होते, बायकोच्या सोबतीला आलेले. पोळी घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"माजं झालंय की," ते म्हणाले आणि आवाज खाली आणला. "त्या बाईला द्या. लेकीच्या ताटात उरलं तर खाती ती. न्हाय उरलं तर तशीच बसती."

हातात पोळी घेऊन मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. मग मी परत त्या बाईंपाशी जाऊन बसले.

"लेकीच्या ताटातलं खाता तुम्ही?"

त्यांना त्याची लाज वगैरे वाटली नाही. "टाकून कशाला द्यायचं? आदी लई दिस नुसतं सलाईनच व्हतं तिला. मग ताट याय लागलं, तर दोन घास खायची आन् ढकलायची. आता निम्मं खाती." एकदम त्यांचा चेहरा उजळला. "काल तर समदं संपवलं बगा तिनं. भाताचं शीत सुदिक ठेवलं न्हाय. डॉक्टर म्हणालं, आता काळजी न्हाय."

"मग काल तुम्ही काय खाल्लंत?"

"मला काय हुतंय, ताई."

मी "घ्या हो" म्हणाले. त्या "नको" म्हणाल्या. मी पोळी त्यांच्या हातावरच ठेवली आणि पुन्हा म्हणाले, तेव्हा त्यांनी घेतली. तीही अर्धी मोडून, अर्धी परत माझ्या डब्यात ठेवून.

तिथं बसल्या बसल्या मला स्वतःचा असा राग आला की कपाळावर हात मारून घ्यावा. पाहुण्याने पहिल्या वाढण्याला हो म्हणायचं नसतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? आमच्याकडे पहिला "नको" हिशेबातच धरत नाहीत. जी बाई तो खरा मानून भांडं घेऊन पुढे जाते, तिला नात्यागोत्यात कायमचं नाव ठेवतात: तिच्याकडे गेलो, पण तिनं परत विचारलंसुद्धा नाही. मी स्वतः सासरच्या एका लग्नात असल्याच शिस्तीने उपाशी राहिले आहे. आणि ही अक्कल घरी ठेवून मी चांगल्या घरच्या पोरींना तालीम दिली की पहिला नको ऐकला की पुढच्या पानाकडे चला.

बरं, मग काय करायचं? मुलींना सांगायचं की तीनदा विचारा? पण आग्रह केला तर सोलापूरचा माणूस पोट तुडुंब असतानाही मन मोडू नये म्हणून दोन घास खातो. तिसऱ्यांदा आलेलं "हो" हे विचारणाऱ्याच्या मनासाठी दिलेलं असतं. म्हणजे एकदा विचारावं तर "नको" खोटा, तीनदा विचारावं तर "हो" खोटा. या दोन खोट्यांच्या मधे खरं उत्तर कुठंतरी अंग चोरून बसलेलं, आणि शनिवार तोंडावर आलेला.

वाट त्या दोघांनीच दाखवली होती, फक्त मला ती घरी गेल्यावर दिसली. स्वतःबद्दल दोघंही धडधडीत खोटं बोलले होते आणि दुसऱ्याबद्दल दोघांनीही चटकन खरं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुलींना त्याच खाटांकडे परत पाठवलं, नवा प्रश्न देऊन: "इथं दुपारी न जेवता राहणारं कुणी तुम्हाला माहीत आहे का?" या वेळी मुलींना पुढच्या खाटेकडे जाता येईना. लोक हात धरून बसवून सांगत होते. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचं बघा. ते बाळंतिणीचे वडील बघा, चहावर दिवस काढतात. आमचं काय नाही हो, आमचं भागतं, पण ती करकंबची बाई. प्रत्येकजण कुणाकडे तरी बोट दाखवत होता आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं तो भलत्याकडेच.

गोल आता हिरवा झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. पहिला प्रश्न मला हवं ते उत्तर देत नव्हता, म्हणून मी प्रश्नच बदलला, हे तर खरं होतं. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. मी मनाशी शंभर वेळा वाद घातला आणि कधी ही बाजू जिंकली, कधी ती.

आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. त्या दिवसांत मी जमेल तशी दवाखान्यात डोकावत होते आणि जाताना एखादी पोळी जास्त नेत होते. गेले की माझी नजर आधी त्या मुलीच्या ताटाकडे जायची. ताटात अन्न दिसलं की आईला आज मिळेल म्हणून बरं वाटायचं, आणि लगेच मनात यायचं, पोर जेवली नाही म्हणजे ताप तर नाही आला? ताट रिकामं दिसलं की छातीत धस्स व्हायचं. एका लेकराच्या बरं होण्याची मला भीती वाटायला लागली होती. काय मागावं देवाकडे, तेच कळत नव्हतं.

शनिवारी बैठकीत मी दोन्ही निकाल मांडले, पहिला लपवला नाही. सचिव शांतपणे ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, पहिल्यात माणूस स्वतःबद्दल बोलतोय. दुसऱ्यात शेजाऱ्याबद्दल. बँकेत आम्ही पहिल्याला निवेदन म्हणायचो आणि दुसऱ्याला ऐकीव. तुमच्या हिशेबाने इथे स्वतः कुणीच उपाशी नाही, फक्त शेजारी उपाशी आहे."

"सर, सगळ्यांचे शेजारी म्हणजे तेच सगळे ना," मी म्हणाले. मग मी करकंबच्या बाईंचं सांगितलं, लेकीच्या ताटाचं. आकड्यांच्या बैठकीत एका माणसाची गोष्ट सांगणं हाही माझ्या धड्याप्रमाणे अपराधच. डॉक्टर टेबलावरची काच बोटाने पुसत बसले.

शेवटी असं ठरलं की सोमवारपासून पंधरा दिवस जेवण करून बघायचं. लोक आले तर स्वयंपाकघर कायमचं, अन्न वाया गेलं तर दुकान. सचिवांनी एकच अट घातली: दारावर पाटी लावा, पण कुणाला हाक मारायची नाही, आग्रह करायचा नाही. गरज असेल तो आपण होऊन येईल. माझाच नियम त्यांनी मला परत केला होता. काय तोंडाने नाही म्हणणार? मी मान हलवली.

सोमवारी मी रजा टाकून गेले. खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. तुरीच्या डाळीची आमटी, भात, चपात्या, वांग्याची भाजी. पाटी दारावर होती, ठळक अक्षरांत. वेळ झाली. व्हरांड्यातून माणसं येत होती, दारात थांबून पाटी वाचत होती, आत नजर टाकत होती आणि नळाकडे जाऊन पाणी पिऊन परत जात होती. जेऊरचे आजोबा दोनदा आले, दोनदा गेले. स्वयंपाकाच्या दोघी बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सचिव दाराशी हात मागे बांधून उभे होते. माझी अवस्था अशी की हात कुठं ठेवावेत ते कळेना. आजचं अन्न वाया गेलं तर उद्या कमी शिजणार, परवा टेपवाला परत येणार, आणि ती बाई लेकीच्या ताटाकडे बघत बसणार. जीभ आवरून धरली होती, पण फार कष्टाने.

सचिवांनी एकदा झाकण उचलून पाहिलं. "आमटी निवतेय," ते म्हणाले.

मी चपात्यांवरचं फडकं सारखं केलं.

थोड्या वेळाने पुन्हा उचललं. "अहो, येत का नाहीत हे लोक?"

"हाक मारायची नाही असं ठरलंय ना, सर."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग पातेल्यातल्या भाताकडे पाहिलं. अन्न शिजून तयार आहे, दारात माणसं आहेत आणि आपण तोंड मिटून उभे आहोत, हे त्या माणसाला आयुष्यात कधी जमलं नसणार. ते तरातरा व्हरांड्यात गेले आणि घरचं कार्य असल्यासारखा त्यांचा आवाज आला, "चला चला, उठा! पानं वाढलीत. अहो आजोबा, तुम्हालाच म्हणतोय."

"माजं झालंय, सायेब."

"कुठं झालंय? दोन घास खा हो. आमचं मन मोडू नका."

"नको की."

"असं कसं नको? उठा बघू."

आजोबा उठले. त्यांनी बाळंतिणीच्या वडिलांचा हात धरून त्यांनाही उठवलं. मग एकेकजण यायला लागला, दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलत. सतरंज्या भरल्या. सचिव स्वतः आमटी वाढत होते आणि घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. पंधरा दिवसांनी खोलीचं काय ठरलं, ते कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

करकंबच्या बाई सगळ्यांत शेवटी आल्या. लेकीला भरवून, तिचं ताट धुऊन आल्या होत्या. त्या दिवशीही ताटात काही उरलं नव्हतं. पदर सावरून त्या सतरंजीच्या टोकाशी बसल्या. मी त्यांच्यापुढे वाढलेलं ताट ठेवलं. त्या ताटाकडे बघत राहिल्या. हात पुढे करीनात. माझा जीव पुन्हा वरखाली व्हायला लागला. भाजी चालत नाही की काय, उपास आहे की काय. मी वाकून विचारलं, "काय झालं? जेवा की."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, ह्यातलं माजं किती?"

"सगळं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नसावं. बोटाने भाताच्या मधोमध रेघ ओढून त्यांनी दोन वाटे केले, पलीकडचा ताटाच्या काठाशी सारला, आणि अलीकडचा खायला सुरुवात केली.